रक्तदाबामागचा हप्ता



सकाळी वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांकडे निघालेल्या बसगाड्या क्रांती चौकात थांबू लागतात, साधारण त्याच वेळी चौकाजवळच्या आमच्या दवाखान्याचे दार उघडते. पाळीवर जाण्यापूर्वी रक्तदाब मोजून घेणारे काही नेहमीचे रुग्ण असतात. त्यांपैकीच एक गृहस्थ, वय बावन्न, वाळूजच्या एका कारखान्यात पर्यवेक्षक. त्यांची हकिगत त्यांच्या संमतीने सांगतो आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

सहा वर्षे त्यांचा रक्तदाब एका गोळीवर आटोक्यात होता. गेल्या पावसाळ्यात मात्र तो १६०/१०० च्या खाली येईना. मीठ कमी करविले, गोळीची मात्रा वाढविली, दुसरे औषध जोडले, मूत्रपिंडाच्या तपासण्या केल्या. सारे अहवाल ठीक आले. तिसऱ्या भेटीला त्यांच्या पत्नी सोबत आल्या आणि त्यांच्या एका वाक्याने उलगडा झाला. "डॉक्टर, हे रात्री दोन वाजता उठून बसतात. विचारलं तर म्हणतात, उकडतंय. श्रावणात कसलं उकडतंय?"

बराच वेळ गप्प राहून गृहस्थांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. ते बँकेचे पत्र होते. मुलाच्या शैक्षणिक कर्जाचे दोन हप्ते थकले होते आणि सहकर्जदार या नात्याने वडिलांना तसे कळविण्यात आले होते. तीन आठवडे ते पत्र त्यांच्या खिशात होते. पत्नीला काळजी नको म्हणून त्यांनी तिला सांगितले नव्हते. मुलाला वाईट वाटू नये म्हणून त्याला विचारले नव्हते. आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने बाबांना त्रास नको म्हणून हप्ते थकल्याचे मुळातच कळविले नव्हते.

आरोग्याच्या पाक्षिकात कर्जाचा विषय कशासाठी, असे आपणांस वाटेल. महिनोन्‌महिने चालणारी चिंता प्रथम झोप मोडते. मोडलेली झोप रक्तदाब आणि रक्तातील साखर बिघडविते. मग माणूस गोळ्या विसरतो, फिरायला जाणे सोडतो, तंबाखूकडे वळतो. अशा रुग्णाला नुसते औषध वाढवून भागत नाही. म्हणून या वेळी आपल्याशी त्या कागदाविषयी बोलायचे आहे. मी अर्थशास्त्राचा जाणकार नाही. परंतु या कुटुंबासोबत आणि बँकेतून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांसोबत बसून जे समजले, ते अनेक घरांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

आकडे कागदावर मांडले तेव्हा

मुलाने अभियांत्रिकीच्या चार वर्षांसाठी दरवर्षी दीड लाख याप्रमाणे सहा लाख रुपये कर्ज घेतले होते. व्याज सुमारे दहा टक्के. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही, एवढे घरात सर्वांना ठाऊक होते. त्या काळातही व्याज चालूच असते, हे मात्र कोणी नीट ध्यानात घेतले नव्हते. पाच वर्षांत सरळव्याजाने २ लाख १० हजार रुपये साचले. हप्ते सुरू झाले तेव्हा कर्ज सहा लाख नव्हते, ८ लाख १० हजार होते. दहा वर्षांच्या मुदतीने त्याचा मासिक हप्ता सुमारे १०,७०० रुपये होतो. मुलाच्या हाती पगार येत होता बावीस हजार. खोलीचे भाडे, खानावळ आणि बसभाडे वजा जाता हप्ता भरावा तरी कोठून?

आणखी एक गोष्ट कागदपत्रांतून निघाली, ती अधिक चटका लावणारी होती. कर्ज घेतले त्या वर्षी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत होते. केंद्र सरकारची एक व्याज-अनुदान योजना २००९-१० पासून आहे. उत्पन्न या मर्यादेत असेल आणि योजनेच्या इतर अटी पूर्ण होत असतील, तर मान्यताप्राप्त संस्थेतील तांत्रिक वा व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी घेतलेल्या कर्जाचे हप्तासवलतीच्या काळातील संपूर्ण व्याज सरकार भरते. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला बँकेत वेळेवर द्यावा लागतो. यांनी तो दिला नव्हता, कारण अशी योजना आहे हे त्यांना कोणी सांगितले नाही आणि त्यांनीही विचारले नाही. ते २ लाख १० हजार रुपये त्यांच्या माथी पडलेच नसते.

माफीची वाट पाहणे

मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "काका, मित्र सांगत होते की शैक्षणिक कर्जं माफ होणार आहेत. आता भरले तर गेलेच ते पैसे." त्याला हसू नका. मराठवाड्यात वाढलेल्या मुलाने कर्जमाफी हा शब्द लहानपणापासून ऐकलेला असतो. २००८ ची केंद्राची शेतीकर्जमाफी, २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, २०१९ च्या अखेरीस जाहीर झालेली महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना या त्याच्या गावात, त्याच्या आजोबांच्या सातबाऱ्यावर घडलेल्या गोष्टी आहेत. शेतीचे कर्ज माफ होते, तर शिक्षणाचे का होणार नाही, हा प्रश्न त्याला स्वाभाविक वाटला.

परंतु शैक्षणिक कर्जाच्या बाबतीत तसे घडलेले नाही. जवळचे म्हणावे असे उदाहरण २०१४ च्या फेब्रुवारीतील अंतरिम अर्थसंकल्पाचे. ३१ मार्च २००९ पूर्वी घेतलेल्या शैक्षणिक कर्जांवर २०१३ च्या अखेरीपर्यंत थकलेले व्याज सरकारने आपल्याकडे घेण्याचे तेव्हा जाहीर झाले. सुमारे नऊ लाख कर्जदारांसाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांची ही तरतूद होती. त्यातही मुद्दल माफ झाले नाही आणि पुढचे व्याज भरावेच लागले.

समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या अनेक बातम्या अमेरिकेच्या असतात, हेही लक्षात ठेवावे. तेथे सरकारी वा सार्वजनिक सेवेत राहून १२० पात्र हप्ते भरणाऱ्यांचे उरलेले केंद्रीय शैक्षणिक कर्ज माफ करण्याची योजना २००७ पासून आहे. सरसकट माफीची मोठी योजना मात्र तेथील सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२३ रोजी रद्द ठरविली. यातले काहीही आपल्या बँकेच्या कर्जाला लागू होत नाही. तेव्हा माफीच्या आशेने हप्ता थांबविणे म्हणजे आपल्याच व्याजात भर घालणे होय.

सही करण्यापूर्वी

ज्यांच्या घरी यंदा बारावीचा वा पदवीचा विद्यार्थी आहे, त्यांच्याशी आता बोलतो.

प्रथम, कर्जाशिवाय काय मिळू शकते ते पाहावे. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून याच उत्पन्नमर्यादेतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना, केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत राज्य शासन देते. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला ती मिळत नाही. वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरले जातात आणि मुदत उलटली की वर्ष जाते. शिवाय राज्याची मागासवर्गीय, इतर मागासवर्गीय आणि अल्पसंख्याक महामंडळे शिक्षणासाठी सवलतीचे कर्ज वा व्याजपरतावा देतात. बँकेत जाण्यापूर्वी या दारांवर एकदा चौकशी करावी.

दुसरे, बँकेत काय विचारावे ते ठाऊक असावे. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जासाठी सरकारी हमी योजना २०१५ पासून आहे; तिच्याखाली दिलेल्या कर्जाला तारण वा त्रयस्थ जामीनदार लागत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांमध्ये प्रवेश मिळालेल्यांना विनातारण, विनाजामीन कर्ज मिळते. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचा वा व्याजसवलतीचा लाभ न घेणाऱ्या विद्यार्थ्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्तासवलतीच्या काळात तीन टक्के व्याजसवलत आहे. तिच्या लाभार्थ्यांची संख्या वर्षाला एक लाख एवढी ठरविलेली आहे. म्हणून शेतजमिनीचा वा घराचा कागद हाती घेऊन बँकेत शिरण्यापूर्वी विचारावे: माझे कर्ज कोणत्या योजनेत बसते? व्याज-अनुदान मिळेल का? त्यासाठी कोणता दाखला, कोणाच्या सहीचा आणि किती तारखेपर्यंत हवा?

तिसरे, कर्ज किती घ्यावे याचा हिशोब शेवटाकडून करावा. महाविद्यालयाच्या प्रवेशद्वारावर ज्या विद्यार्थ्याच्या मोठ्या पगाराचा फलक असतो, तो एकच विद्यार्थी असतो. आपल्याला मधल्या विद्यार्थ्याचा पगार हवा. राष्ट्रीय संस्था मानांकनात भाग घेणाऱ्या संस्थांना नोकरी लागलेल्या पदवीधरांच्या मध्यम पगाराची माहिती द्यावी लागते आणि ती संकेतस्थळावर सर्वांना पाहता येते. त्या पगाराच्या चौथ्या हिश्श्यात हप्ता बसतो का, ते पाहावे. बसत नसेल तर कर्जाची रक्कम, महाविद्यालय किंवा शहर यांपैकी काहीतरी बदलण्याचा विचार करण्याची हीच वेळ असते. नंतर बदलता येतो तो फक्त मुदतीचा काळ.

आणि कर्ज मुलाचे असले तरी सहकर्जदार म्हणून आपली सही असते. मुलाने हप्ता चुकविला तर नोंद दोघांच्याही पतअहवालात होते. सही करणाऱ्या आईवडिलांनी आणि शिकणाऱ्या मुलाने कर्जाचा करार एकत्र बसून वाचावा, ही या लेखातील माझी सर्वांत महत्त्वाची सूचना समजावी.

शिक्षण चालू असताना

जमेल तर या काळातले व्याज दरमहा भरावे. वरच्या उदाहरणात ते पहिल्या वर्षी महिना १,२५० रुपये होते आणि वाढत वाढत शेवटी ५,००० पर्यंत जाते. ते भरत गेल्यास हप्ता सहा लाखांवरच बसतो, म्हणजे सुमारे ७,९०० रुपये, आणि एकूण परतफेडीत सव्वा लाखाच्या आसपास वाचतात. असे व्याज नियमित भरणाऱ्यांना व्याजदरात एक टक्क्यापर्यंत सूट देण्याची तरतूद बँकांच्या आदर्श योजनेत आहे. आपली बँक ती देते का, हे विचारावे. मात्र त्यासाठी घरातील दूध-भाजी, आजीची औषधे किंवा आपली वार्षिक तपासणी कापू नये. पाचशे रुपये जमत असतील तर पाचशे भरावेत.

हप्ता जड होऊ लागला तर

पहिला हप्ता चुकण्यापूर्वीच बँकेत जावे. नव्वद दिवसांहून अधिक थकबाकी राहिली की खाते अनुत्पादक ठरते आणि मग बोलणी अवघड होतात. नोकरी गेली, पगार अपुरा आहे, अशा काळात हप्त्यांना तात्पुरती सवलत देण्याची, आरंभी लहान आणि पुढे मोठा हप्ता ठेवण्याची, तसेच पंधरा वर्षांपर्यंत मुदत देण्याची तरतूद आदर्श योजनेत आहे. विनंती लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

मुदत वाढविल्याची किंमतही जाणून घ्यावी. या मुलाचा हप्ता दहाऐवजी पंधरा वर्षांवर नेला तर तो १०,७०० वरून ८,७०० वर येतो, परंतु एकूण परतफेड सुमारे २ लाख ८० हजारांनी वाढते. म्हणून पगार वाढला की अधिकची रक्कम मुद्दलात भरत जावे. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक कर्जाची मुदतपूर्व फेड केल्याबद्दल बँक दंड आकारू शकत नाही. जुनी करपद्धती निवडणाऱ्यांना शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावटही मिळते.

तडजोड करून कमी रकमेत खाते मिटविण्याचा प्रस्ताव कधी येतो. तो मोहक असतो, पण पतअहवालात 'तडजोडीने मिटविले' अशी नोंद राहते आणि उद्या घरासाठी कर्ज मागताना ती आडवी येते. पूर्ण फेड झाली की थकबाकी नसल्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे.

वसुलीसाठी फोन येऊ लागले तर घाबरून जाऊ नये. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या सूचनेनुसार थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. धमकावणे, नातेवाइकांसमोर वा शेजाऱ्यांसमोर अपमान करणे यांस मनाई आहे. बँकेकडे केलेल्या तक्रारीला तीस दिवसांत उत्तर न आल्यास वा ते समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता येते. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी: हप्ता भरण्यासाठी मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपकडे वळू नये. दहा टक्क्यांचे कर्ज फेडण्यासाठी त्याहून कितीतरी महाग कर्ज अंगावर घेणे ते.

लाज कशाची?

त्या दिवशी गृहस्थ पुन्हा पुन्हा एकच वाक्य बोलत होते. "आमच्या घराण्यात कुणी कर्ज थकवलं नाही, डॉक्टर." त्यांना पैशांहून ही लाज अधिक छळत होती. मी त्यांना आपल्याच शहरातील एका संस्थेची आठवण करून दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकायला गेले, ते दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार करून. १९२० मध्ये अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी ते पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा त्यांनी मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये उसने घेतले. त्याच बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये या शहरात महाविद्यालय काढले, ते आजचे मिलिंद महाविद्यालय. शिक्षणासाठी कर्ज काढणे वा अडचणीत सवलत मागणे यांत कमीपणा नाही.

पुढच्या रविवारी मुलगा पुण्याहून आला. तिघे प्रथमच जेवणानंतर कागद पसरून बसले. आईने घरखर्चाची वही आणली, मुलाने पगाराची पावती, वडिलांनी ते पत्र. दोन थकलेले हप्ते आईच्या आवर्ती ठेवीतून भरायचे ठरले; मुलगा ते पैसे दिवाळीच्या बोनसमधून आईला परत देणार. नव्वद दिवस उलटण्यापूर्वीच बापलेक बँकेत गेले आणि पंधरा वर्षांच्या मुदतीसाठी लेखी अर्ज दिला. तो मंजूर झाला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलगा कर्जखात्याचा उतारा घरच्या सर्वांना दाखवितो.

कर्ज फिटलेले नाही. अजून बरीच वर्षे जायची आहेत आणि मुलाच्या पगारात मोठी वाढही झालेली नाही. मात्र दोन महिन्यांनी गृहस्थांचा रक्तदाब १३४/८६ भरला. जोडलेली दुसरी गोळी मी हळूहळू कमी करतो आहे. त्यांनी ती स्वतःहून बंद केली नाही, आपणही कधी करू नये.

आपल्या घरी असे पत्र आले असेल, तर आज रात्री जेवणानंतर ते सर्वांसमोर ठेवा. मुलगा वा मुलगी दूर असेल तर फोन करा आणि पहिला प्रश्न हप्त्याविषयी विचारू नका. "जेवलास का, झोप लागते का" असे विचारा. मुलांनो, तुम्हीही आईबाबांना बँकेच्या पत्रातून कळण्याआधी स्वतः सांगा. चिंता असह्य होत असेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार मनात येत असतील, तर एक क्षणही एकटे राहू नका. १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे.

आणि रक्तदाब मोजायला याल तेव्हा डॉक्टरांना खिशातल्या कागदाविषयीही सांगा.